मिल बंद असली की ताप नसायचा

पवनीच्या बाजारात मी वांगी घेऊन बसते तेव्हा ओळखीच्या बाया थांबतात. भाव विचारायच्या आधी विचारतात, "तुले काय झालतं व? टीबी ना?" भाजी तोलता तोलता प्रत्येकीला सगळं सांगणं होत नाही. काही जणी अर्धं ऐकून जातात आणि गावात जाऊन भलतंच सांगतात. म्हणून माझी मुलगी प्रणाली म्हणाली, "आई, तू लिहून काढ. ज्याले वाचायचं तो वाचीन." मी बारावीपर्यंत शिकले आहे, पण त्यानंतर सह्या सोडून फारसं काही लिहिलं नाही. जसं आठवेल तसं लिहिते आहे.

माझं नाव वनिता. आसगावजवळच्या एका लहान गावात आमचं घर आहे. थोडी धानाची शेती, दोन गाई. घरात मालक, म्हणजे प्रणालीचे बाबा देवराव, आणि सासू. सासूला मी आत्या म्हणते. प्रणाली भंडाऱ्याला नर्सिंग शिकली.

मिलमध्ये कशी गेले

मी लग्न होऊन आले तेव्हा गावातल्या बायांचं वर्ष धानावर चालायचं. पावसाळ्यात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, मग निंदण, दिवाळीनंतर कापणी, बांधणी, मळणी. आपल्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, झाल्या की दुसऱ्याच्या बांधीत जायचं. शेवंता आणि मी कायम एका ओळीत रोवायचो. शेवंता आमच्याच गल्लीतली, माझ्यापेक्षा थोडी मोठी, जिभेला तिखट. चिखलात पाय असले तरी तिच्या बोलण्याने अख्खी ओळ हसायची.

मग हार्वेस्टर आले. पहिल्या वर्षी आम्ही बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून तमाशा पाहिल्यासारखं पाहत होतो. ज्या बांध्यांना आम्हाला आठवडा लागायचा त्या दुपारच्या जेवणाच्या आत मोकळ्या झाल्या. शेवंता म्हणाली, "पाय व, आपली दिवाळीनंतरची मजुरी चालली त्याच्या पोटात." आम्ही हसलो. दोन-तीन वर्षांत खरंच कापणीचं काम उरलं नाही. आमच्या शेतातही देवरावांनी हार्वेस्टरच बोलावला. स्वस्त पडायचा आणि धान पावसात भिजायची भीती नसायची. त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही.

त्याच सुमारास रस्त्यावरची जुनी लहान मिल एका शेठजींनी विकत घेऊन मोठी केली. वाफेवर धान उकडायची टाकी आली, उंच चिमणी आली, रंग पाहून काळा दाणा बाजूला फेकणारं यंत्र आलं. बायांना काम मिळायला लागलं. ओला धान पसरणं, पोत्यांच्या जुन्या थप्प्या फोडून धान यंत्राच्या खड्ड्यात ओतणं, कोंडा पोत्यात भरणं, झाडणं. सकाळी एक ऑटो गावात यायचा आणि संध्याकाळी सोडून द्यायचा. शेवंता पहिल्याच महिन्यात लागली.

मी जाते म्हटलं तेव्हा देवराव जेवत होते. त्यांनी हात थांबवला.

"आपल्या घरच्या बाया मिलमधी जात नाईत. आपल्याले शेती आहे."

"शेतीत काम कुठं आहे आता?" मी म्हटलं. "आणि प्रणालीले नर्सिंगले टाकाचं आहे."

त्यांच्या आधी आत्याच बोलल्या. त्या भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"जाऊ दे तिले. मी काय घरात बसून खाल्लं? सकाळी उठून ढेकीवर उभी रायत होती. पाय माह्या, कांडण साऱ्या घराचं. मिल आली तवा आमी बायाईनं देवापुढं नारळ फोडला होता."

आत्यांच्या तरुणपणी घरोघर ढेकी होती. पायाने लाकूड दाबायचं, पुढचं मुसळ उखळात आदळायचं, धानाचं तूस निघायचं. गावात पहिली गिरणी आली तेव्हा त्या कामातून बाया सुटल्या. ते ऐकल्यावर देवरावांना अडवता आलं नाही. पण मी मिलमध्ये जाते हे ते पाहुण्यांत कधी सांगायचे नाहीत.

खरं सांगायचं तर मला मिल आवडायची. हातात स्वतःचा पगार यायचा. दुपारी डबे उघडून आम्ही चिंचेखाली बसायचो, शेवंता शेठजींच्या चालण्याची नक्कल करायची. प्रणालीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तो त्या पगारावर. आजाराचं लिहिताना हे गाळलं तर खोटं होईल.

खोकला

दुसऱ्या हिवाळ्यात खोकला लागला. कोरडा, छातीतून ओढून काढणारा. संध्याकाळी घरी आले की अंग कसकसायचं, थंडी वाजून ताप यायचा. गोधडी घेऊन पडायचे. सकाळी ताप गेलेला. मी म्हणायचे, थंडी बाधली. काढा प्यायचे आणि ऑटोत बसायचे.

मिलमध्ये सगळ्याच जणी खोकायच्या. कोंड्याची खोली उघडली की आत धुकं असल्यासारखं दिसायचं. तोंडाला पदर बांधायचो, पण तो घामाने ओला झाला की श्वास कोंडायचा, मग खाली सरकवायचो. पावसात भिजलेल्या धानाच्या थप्प्या फोडताना तर आंबूस भपकारा यायचा आणि हिरवट पांढरी धूळ उडायची. त्या दिवशी हमखास ताप यायचा. हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. शेतात काम केलं की कंबर दुखते, मिलमध्ये काम केलं की खोकला येतो, इतकंच वाटायचं.

वजन उतरायला लागलं तेव्हा गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईने थुंकीची तपासणी करायला लावली. टीबी निघाला नाही. पुन्हा केली, तेव्हाही नाही. पण गावात एकदा तो शब्द निघाला की निघाला. गल्लीतली एक बाई मला पाणी द्यायची तो गिलास वेगळा ठेवायला लागली. देवराव एका खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी खोकल्याचं औषध आणि सुया दिल्या. थोडं बरं वाटायचं, पुन्हा तेच.

घरात चिडचिड वाढली. चालताना दम लागायचा. पाण्याचा गुंड घेऊन घराची पायरी चढले की भिंतीला धरून उभी राहायचे. देवराव म्हणायचे, "सोडून दे मिल." मी म्हणायचे, "प्रणालीचं शिक्षण होऊ द्या." एकदा ते रागात बोलून गेले, "पोरीचं लगन कराचं आहे. तुह्या खोकल्याचं नाव साऱ्या सोयऱ्याईत झालं." मला फार लागलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता विचार करते तर त्यांनाही भीती वाटत होती, आणि त्यांची भीती रागासारखीच बाहेर यायची.

त्या दिवशी बसले ती उठलेच नाही

शेठजींनी एक मोठी जुनी थप्पी काढायला सांगितली. खालची पोती ओलीने काळी पडलेली होती. मी आणि शेवंता पोती ओढत होतो. एका पोत्याची शिवण उसवली आणि सगळी बुरशी तोंडावर आली. मी खोकायला लागले ते थांबेना. बाहेर येऊन फाटकाजवळ बसले. श्वास आत जाईना. शेवंताचं तोंड माझ्यापुढे होतं, ती ओरडत होती, पण मिलच्या पट्ट्याच्या आवाजात मला तुटक तुटकच ऐकू येत होतं.

"हिचे ओठ निळे पडले! ऑटो आणा गा, कोणीतरी!"

शेठजी स्वतः धावत आले आणि त्यांच्या गाडीत मला पवनीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे नाकाला ऑक्सिजन लावला. देवराव आले ते अनवाणीच. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला न्या, मोठ्या दवाखान्यात. ॲम्ब्युलन्स भिवापूर, उमरेड करत निघाली. मी छताकडे पाहत होते. देवरावांनी माझा पाय धरून ठेवला होता, हात धरायचं त्यांना सुचलं नसेल. ते मध्येच म्हणाले, "बोलू नोको. नुस्ता श्वास घे." मी बोलत नव्हतेच.

बायांचा वॉर्ड

मोठ्या दवाखान्यात पहिले काही दिवस मी फक्त ऐकलं. चाकांच्या खाटेचा आवाज, सिस्टरच्या चपला, दुसऱ्या बायांचा खोकला. सकाळी मावशी फिनेल टाकून पुसायला यायच्या आणि सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायच्या. मग चहा, मग डॉक्टर, मग तपासणीच्या चिठ्ठ्या घेऊन देवरावांची धावपळ. त्यांना नागपूरची एवढी सवय नव्हती. एक्स-रेच्या खोलीतून निघून ते दुसऱ्याच इमारतीत जायचे. रात्री व्हरांड्यात चटई टाकून झोपायचे. दुपारी कोणी दानशूर माणसं फाटकावर जेवण वाटायची, तिथे रांगेत उभं राहायला त्यांना लाज वाटायची. पहिल्या दिवशी ते उपाशीच राहिले. मला नंतर कळलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर बालाघाटची एक म्हातारी होती. तिला दमा होता. ती हिंदी बोलायची, मी अर्धं समजायचे. मला दवाखान्याचं वरण घशाखाली उतरत नव्हतं, तर तिने आपल्या बरणीतलं लिंबाचं लोणचं काढून माझ्या ताटात टाकलं. "खा बेटी. बिना नमक मिर्च के आदमी कैसे अच्छा होगा?" सिस्टरने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या लोणच्यासोबत मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

दिवाळीत ताप का नव्हता

मला काय झालं हे ज्या दिवशी कळलं तो दिवस नीट आठवतो, कारण त्या दिवशी देवराव खोटं बोलले होते.

सकाळी एक तरुण डॉक्टर आला. त्याने विचारलं, "काम काय करता?" मी तोंड उघडायच्या आधी देवराव म्हणाले, "घरचं शेत आहे जी. घरीच रायते." डॉक्टरने ते लिहून घेतलं. मी गप्प राहिले. दम लागत होता आणि नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायची सवय नव्हती.

थोड्या वेळाने मोठ्या मॅडम आल्या, मागे पाच-सहा शिकणारी मुलं. मॅडमचे केस पांढरे होते, चष्मा दोरीला. त्यांनी माझ्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. मग मुलांना पण ऐकायला लावलं. नंतर खाटेच्या काठावर बसल्या. डॉक्टर खाटेवर बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"ताप कधी येतो?"

"सांजच्याले."

"रोज?"

"रोजच. दिवाळीत नोता आला."

त्या उठणार होत्या, पुन्हा बसल्या. "दिवाळीत काय वेगळं होतं?"

मी देवरावांकडे पाहिलं. ते फरशीकडे पाहत होते. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर ही बाई उठून पुढच्या खाटेकडे जाईल.

"मिल बंद होती, मॅडम. मी राइस मिलमधी कामाले आहो. मिल बंद असली का मले ताप नाई येत."

वॉर्डात कोणीतरी खोकलं. मॅडमने मुलांकडे वळून काहीतरी इंग्रजीत सांगितलं. मग मला एकेक गोष्ट विचारली. धान कसा साठवतात, ओला असतो का, वास कसा येतो, घरी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कुठे ठेवतो. मी सगळं सांगितलं. मला आठवतं, सांगताना मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. इतक्या महिन्यांत मला कोणी मिलबद्दल विचारलंच नव्हतं. मीही कोणाला सांगितलं नव्हतं.

नंतर छातीचा सीटी स्कॅन झाला. फुंकून पाहायची तपासणी झाली, त्यात मला मेणबत्ती विझवण्याइतकीही फुंकर मारता येत नव्हती. मॅडमने आम्हा दोघांना समोर बसवून साध्या मराठीत सांगितलं. हा टीबी नाही. कोणाला लागत नाही. बुरशी लागलेल्या धानाची धूळ श्वासातून आत जाते, काही लोकांच्या छातीला ती सहन होत नाही, आणि फुप्फुस सुजतं. सूज पुन्हा पुन्हा आली की फुप्फुस कडक होतं. कडक झालेला भाग परत मऊ होत नाही. सूज मात्र उतरवता येईल.

"गोळ्या मी देईन," त्या म्हणाल्या. "पण मिलमध्ये परत गेलात तर माझ्या गोळ्या काही करू शकणार नाहीत."

देवरावांनी विचारलं, "तणसाच्या ढिगाजवळ गेली त चालते का?"

"तेही नको. गोठ्यातलं तणस, कोंडा, काहीच नको."

बाहेर आल्यावर ते व्हरांड्यातल्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, "मले वाटलं, मिल सांगतली त ते मनतीन, नवऱ्यानं कामाले धाडून धाडून आजारी पाडली."

"तुमी कुठं धाडलं? मीच गेलती."

"तेच त," ते म्हणाले. "मी थांबवू बी नाई शकलो."

मी त्यांच्याजवळ टेकून उभी राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत आम्ही इतकं जवळ उभं राहिलो नव्हतो.

दुर्बीण

खात्री करायला घशातून दुर्बीण टाकून पाहायचं ठरलं तेव्हा मी घाबरले. मरणापेक्षा मला ती नळी घशात जायची भीती वाटत होती. प्रणाली भंडाऱ्याहून सुट्टी काढून आली होती. तिने पुस्तकात वाचलेलं सगळं मला सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, "बाई, पुस्तक नोको सांगू. नुस्ती बस." मग ती बसली आणि माझ्या केसांना तेल लावून वेणी घातली. लहानपणी मी तिची घालायचे तशीच, घट्ट. आत नेलं तेव्हा डोकं ताणलेलं होतं आणि माझं अर्धं लक्ष त्या वेणीकडे होतं. नळी आत गेली, वाईट होतं, पण संपलं. मॅडम म्हणाल्या होत्या तेच निघालं.

घरी

गोळ्यांनी ताप गेला, खोकला कमी झाला. त्यांनी तोंड मात्र सुजलं. आरशात पाहिलं तर मीच मला ओळखेना. भूक इतकी लागायची की आत्या म्हणायच्या, "आता बकरी झाली ही." झोप यायची नाही, विनाकारण रडू यायचं. तुम्हाला या गोळ्या लागल्या आणि असं झालं तर घाबरू नका, आणि मनाने बंदही करू नका. माझं मन करत होतं. मॅडमने गोळ्या हळूहळू कमी केल्या तेव्हा तोंड परत आलं.

गोठ्याचं काम देवरावांकडे गेलं. गाईला तणस टाकणं, शेण काढणं, अंगण झाडणं. आमच्याकडे पुरुष अंगण झाडत नाही. पहिल्या दिवशी समोरचा माणूस दातण करत उभा राहिला आणि म्हणाला, "काय गा देवराव, झाडू कवापासून हाती घेतला?" देवराव म्हणाले, "तुह्या घरी कमी असन त येतो उद्या." दुसऱ्या दिवसापासून कोणी काही म्हटलं नाही.

आत्या एकदा माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "ढेकीवर माहे गुडघे गेले. मले वाटे, बाईचं असंच असते. कोणी डाक्टरले दाखवलं नाई, मी बी मनलं नाई. तुले दाखवलं, चांगलं झालं." मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. फुगलेले, वाकडे. मिल आली तेव्हा नारळ फोडणाऱ्या बायांचे गुडघे. मला त्या दिवशी समजलं की मी काही पहिलीच नाही.

मी परत गेले

हे सांगायला नको वाटतं, पण सांगितलं पाहिजे. बरं वाटायला लागल्यावर मी मिलमध्ये परत गेले.

शेठजी घरी येऊन गेले होते. "बाई, आप भारी काम मत करो. नुसते पोते शिवायचं काम करा, बसून." प्रणालीचं शेवटचं वर्ष होतं. आणि मला घरात करमत नव्हतं. गल्लीतल्या बाया ऑटोत बसून जायच्या आणि मी दारात उभी राहायचे. देवरावांनी खूप समजावलं. मी म्हटलं, शिवणं आहे, धूळ कुठे आहे? तोंडाला चांगला मास्क लावीन.

मी पोती शिवायला बसले ती जागा थप्प्यांपासून दूर होती. दुपारपर्यंत काही झालं नाही. मला आनंद झाला. संध्याकाळी ऑटोतून उतरले आणि पाठीतून थंडी गेली. त्याच ओळखीच्या थंडीने मला घरापर्यंत आणलं. देवरावांनी गोधडी टाकली आणि एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शेठजींना निरोप पाठवला की मी येणार नाही. घरामागच्या जागेत वांगी लावली. कष्ट आहेत, पण मोकळी हवा आहे. पगारासारखं नक्की काही नाही. प्रणालीचं वर्ष पार पडलं. कसं पडलं ते वेगळं सांगत बसत नाही, सगळ्यांच्या घरी पडतं तसंच.

शेवंता

शेवंताचा खोकला मी ऐकत होते. आमच्या भिंती लागून आहेत. मी तिला म्हटलं, "तू दाखव व नागपूरले. माह्यासारखंच आहे."

ती भडकली. "तुले झालं मनून साऱ्याईले होते का? शेठ मनते, तू बायाईले भेव घालून राहिली. दोन जणी काम सोडून गेल्या. आमच्या पोटावर कायले येते?"

"पोटावर नाई येत. छातीचं सांगून राहिली."

"माह्या छातीची तुले काय पडली?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली. दारात मी दिसले की तोंड फिरवायची. ज्या बाईने फाटकाजवळ माझ्यासाठी आरडाओरडा केला ती माझ्याकडे पाहत नव्हती. मला राग यायचा, पण तिच्या घरचं मला माहीत होतं. नवरा गेलेला, शेत नाही, मुलगा पुण्याला कंपनीत, तो आपलंच कसंबसं भागवतो. माझ्याकडे वांगी लावायला जागा होती. तिच्याकडे मिल होती.

मी शेठजींकडे गेले. भांडायला नाही. म्हटलं, "तुमी मले गाडीत घालून नेलं, ते मी इसरली नाई. पण बुरशीची थप्पी पाणी न मारता बायाईकडून फोडून घेऊ नोका. आणि कोंड्याच्या खोलीत धूळ ओढणारा पंखा लावा." ते म्हणाले, पाहतो. मग मिलमधल्या बायाही एकदा मिळून त्यांच्याकडे गेल्या. पुढच्या हंगामात एक मोठा पंखा बसला. थप्पी फोडायच्या आधी पाणी शिंपडायला लागले. चांगले मास्क आले, उन्हाळ्यात कोणी लावत नाही ही गोष्ट वेगळी. सगळं झालं नाही, थोडं झालं.

एका सकाळी मी वांग्यांना पाणी देत होते. शेवंता आली आणि बांधावर बसली. चालत आली म्हणून तिचा श्वास फुलला होता.

"पायरी नाई चढवत मले," ती म्हणाली.

मी पाण्याचा पाइप खाली टाकला.

"नागपूरले तू येशील का संग?"

"येईन."

पुढच्या आठवड्यात आम्ही पवनीहून बसमध्ये बसलो. भिवापूरपर्यंत ती खिडकीतून धानाच्या बांध्या पाहत होती. मग म्हणाली, "काई वाईट निंगालं त तू सांगजो. डाक्टरले नोको सांगू देऊ. मले त्याईची भाषा समजत नाई, मी नुस्ती मान हालवीन."

मॅडमनी तिला तपासलं, स्कॅन काढला. दुपारी मला आत बोलावून दाखवलं. माझ्यासारखंच होतं, पण सूजच जास्त, कडक भाग थोडा. लवकर आली आहे, मॅडम म्हणाल्या, धूळ सुटली तर पुष्कळ बरी होईल.

शेवंता बाहेर बाकावर पिशवी पोटाशी धरून बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि तिला समजेल तसं सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. ती ऐकत होती. मी थांबल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "मंग उद्यापासून करू काय मी?"

मी गोळ्यांची चिठ्ठी तिच्या हातात दिली.

"मले बी माईत नाई, शेवंता."

तिने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी सरळ पाहिलं. मग उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "चाल. पयले गोळ्या कुठं भेटते ते दाखव."